ट्रॅक्टरच्या शेडचे शटर बदलताना

भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात पावसाळाभर ओल हटत नाही, आणि शेडचे शटर नेमके खालच्या पट्टीपासून गंजत जाते.

१. वरच्या पट्ट्या शाबूत असतील तर पूर्ण शटर घेऊ नये. खालच्या चार-सहा पट्ट्या आणि तळपट्टी बदलून काम भागते, आणि माझ्या मते निम्म्या शेडना एवढेच पुरे असते.

२. नवेच घ्यायचे झाल्यास साध्या काळ्या पत्र्यावर रंग मारलेले न घेता जस्तलेपित, म्हणजे जीआय पत्र्याचे घ्यावे. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, हे दुकानात विसरू नये.

३. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जाते, म्हणून तेथे झिंकयुक्त प्रायमर लावूनच रंग द्यावा. युरियाची पोती शटरला टेकवून ठेवू नयेत.

वरच्या नळीतील स्प्रिंग ताणलेली असते. ती स्वतः खोलू नये, कारागिरालाच बोलवावे.