वाढत्या शहरात दुकान टाकताय? आधी रात्री आठला खिडक्या मोजा

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात, जामच्या चौरस्त्यावरून आत. घरी लाकडी घाणा आहे. शेंगदाणा, जवस, करडई काढतो. गावातले पोट्टे विचारतात, "दादा, नागपुरात जम कसा बसवला?" पण त्याआधी मी तिथे बुडालो होतो, ते कोणी विचारत नाही.

पहिलं दुकान घेतलं इतवारीत, नागपूरच्या जुन्या बाजारात. म्हटलं, गर्दी तिथं गिऱ्हाईक. भाडं महिन्याला २२,०००. सात महिन्यांत शटर पाडलं. तिथे दुकानदार तीन पिढ्यांचे, आणि गिऱ्हाईकंही तीन पिढ्या त्याच पायऱ्या चढणारे. तेल चाखून छान म्हणायचे आणि "आमचा नेहमीचा आहे ना" म्हणत पुढे जायचे.

मग बेसा-बेलतरोडीकडे गेलो, नागपूरच्या कडेच्या वाढत्या वस्तीत. तिथे नव्या फ्लॅटमध्ये आलेल्या माणसाचा किराणावाला ठरलेला नसतो, दूधवाला नसतो, इस्त्रीवालाही नसतो. पहिल्या दोन महिन्यांत तो ज्याच्या दारात वळला त्याचाच होऊन जातो. वाढत्या शहरात आपली कमाई आहे ती याच माणसावर. आणि तो येतो कुठून? यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर. मिहानच्या कंपन्यांमध्ये नाहीतर बुटीबोरीच्या एमआयडीसीत नोकरी, पण गोळाभातावर कच्च्या घाणीचंच तेल पाहिजे. त्याला मला काही समजावून सांगावं लागत नाही.

आता जागा कशी निवडायची ते सांगतो. बिल्डरच्या बोर्डावर विश्वास ठेवू नका. मी रात्री आठला स्कूटर लावून इमारतीच्या खिडक्या मोजायचो. ६० फ्लॅट विकले गेलेत म्हणतात आणि दिवे लागतात ११ घरांत, म्हणजे बाकीच्यांनी पैसे गुंतवलेत, राहायला कोणी नाही. रिकामा फ्लॅट तेल खात नाही. गॅलरीत वाळत घातलेले कपडे पाहा, त्यात लहान पोरांचे किती तेही पाहा. आसपास पीठगिरणी सुरू झाली असेल तर डोळे मिटून जागा घ्या. गिरणी चालते तिथे घरी स्वयंपाक होतो.

लगेच गाळा मात्र घेऊ नका. मी सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारून गेटबाहेर रविवारी सकाळी टेबल मांडायचो. गावच्या आठवडी बाजारात आठ लिटर जायचं, इथे तिसऱ्याच रविवारी चाळीसच्या वर गेलं. सगळी घरं एका गेटाच्या आत, त्यामुळे एका फेरीच्या डिझेलमध्ये तेवढा माल खपतो. बाकी जाहिरात बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपने फुकटात केली.

घाणा शहरात हलवायचा मोह होईल. हलवू नका. एक लिटर तेलाला अडीच किलोच्या आसपास दाणे लागतात. १०० लिटर तेलासाठी २५० किलो दाणे नागपूरला नेले, तर त्यातली दीडशे किलोच्या घरातली ढेप, म्हणजे पेंड, परत गावाकडेच आणावी लागेल, कारण बैल आणि म्हशी इथे आहेत. तेल तिकडे विका, ढेप इथे विका. शिवाय पीएमईजीपीत, म्हणजे केंद्र सरकारच्या रोजगार योजनेत, आम्ही कर्ज काढलं तेव्हा गावातल्या युनिटला साधारण प्रवर्गात २५ टक्के अनुदान होतं, शहरातल्याला १५. महिलांना गावात ३५. आमचा अर्ज बायकोच्या नावाने आहे, हे वेगळं सांगायला नको.

गाडी परत रिकामी आणू नका, एवढं एक पाळा. बाटल्या, डबे, लेबलं इतवारीतून उचला, घाण्याचा सुटा भाग तिथल्याच लोखंडी सामानाच्या लोहाओळीत पाहा. तालुक्याला जो भाग "मागवून देतो" म्हणून आठ दिवस अडतो, तो तिथे चार दुकानं फिरलं की हातात येतो. इतवारीने मला गिऱ्हाईक दिलं नाही, पण माल स्वस्त देते.

कागदपत्रांत छोट्या धंद्याची सरकारी उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, तिच्यासाठी कोणा एजंटला पैसे देऊ नका. खाण्याचा माल आहे, तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, नंबर बाटलीवर हवाच.

शेवटी भाडं. वस्ती वाढली की घरमालकाचे डोळेही वाढतात, म्हणून ११ महिन्यांच्या करारावर जाऊ नका. मी बेशाचा गाळा ७,००० ने घेतला तेव्हा समोर नुसता मुरूम होता आणि कुत्री झोपलेली असायची. मालकही खुशीत होता. तेव्हाच पाच वर्षांचा करार केला, दरवर्षी ५ टक्के वाढ त्यातच लिहून घेतली आणि रजिस्टर केला. तिसऱ्या वर्षी मालक आला, "भाऊ, बाजूच्या गाळ्याला १५ मिळून राहिले." मी गल्ल्याखालून कागद काढून समोर ठेवला. त्याने तो दोनदा वाचला, चहा घेतला आणि जाताना दोन लिटर शेंगदाणा तेल घेऊन गेला. पैसे रोख दिले.