निबंधातला परिच्छेद कसा बांधावा

निबंध तपासायला घेतला की वाचण्याआधी मी पान जरा लांब धरून बघते. सगळं पान एकसलग भरलेलं असेल किंवा दर दोन ओळींनी नवा परिच्छेद सुरू झाला असेल, तर मांडणीचा विचार राहून गेला आहे हे बहुतेकदा तिथेच कळतं. मुलांकडे शब्द असतात, माहिती असते. कुठे थांबायचं, हे मात्र त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं, आणि त्याची मला खरोखर हळहळ वाटते, कारण ते शिकवण्यासारखं आहे.

'महाराष्ट्रातील पाणीटंचाई' हा नेहमीचा विषय घेऊ.

आधी कच्च्या कागदावर वाक्यं लिहा

बहुतेक जण 'कारणे, परिणाम, उपाय' असे मुद्दे काढतात. ही नुसती शीर्षकं झाली. 'उपाय' या शब्दातून तुम्हाला काय म्हणायचं आहे ते कळत नाही. त्याऐवजी क्रियापदासकट पुरं वाक्य लिहा: 'गावाने पाण्याचा हिशेब ठेवला की टंचाई आटोक्यात येते.' असं एक वाक्य म्हणजे एक परिच्छेद. वाक्य पुरं होत नसेल, तर त्या मुद्द्यावर तुमचं मत अजून ठरलेलं नाही. तिथे आणखी दोन मिनिटं विचार करा, पेन नंतर उचला.

मग दोन प्रश्न विचारा: कशावरून? आणि मग काय?

हा परिच्छेद पाहा:

'पाणी हे जीवन आहे. आजच्या युगात पाणीटंचाई ही भीषण समस्या बनली आहे. 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. हिवरे बाजार हे आदर्श गाव आहे. तसेच आपण सर्वांनी पाणी वाचवले पाहिजे.'

यात खोटं काही नाही. पण पाच वाक्यांत पाच वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीचंही पुढे काही होत नाही. लातूरची गाडी आली आणि तशीच निघून गेली. आता त्या गाडीपाशी थांबू. पहिल्या वाक्यात म्हणणं सांगायचं, 'कशावरून?' या प्रश्नाला पुरावा द्यायचा आणि 'मग काय?' याला त्या पुराव्याचा अर्थ:

'बाहेरून आणलेल्या पाण्याने टंचाई मिटत नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. 2011 च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांहून अधिक होती. म्हणजे या खेपेतून माणशी दीड लिटरही पाणी आले नाही. पुढे खेपा वाढल्या आणि लोकांना धीर मिळाला, पण शहराच्या स्वतःच्या पाण्याचा प्रश्न तसाच उरला.'

माहिती फारशी वाढलेली नाही. एक साधा भागाकार केला, आणि त्या आकड्याला अर्थ आला. गुण मिळतात ते अशा जागी. 'पाणी हे जीवन आहे' मी काढून टाकलं, कारण त्यावर 'कशावरून?' असं कुणी विचारणारच नाही. ज्या वाक्याला कुणाचाही आक्षेप नसतो, ते परिच्छेदाच्या सुरुवातीला ठेवू नये.

पुढचा परिच्छेद आधीच्याला जोडा

हिवरे बाजारचा परिच्छेद आता असा सुरू होऊ शकतो: 'स्वतःच्या पाण्याचा प्रश्न हिवरे बाजारने हिशेबाने सोडवला.' आधीच्या परिच्छेदाचे शेवटचे शब्द इथे उचलले आहेत, त्यामुळे 'तसेच'ची गरज उरत नाही. पुढे पुरावा: शेतीसाठी बोअरवेलला बंदी, आणि पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून पिकं ठरवण्याची पद्धत.

'तसेच' आणि 'त्याचप्रमाणे' बहुधा ठिगळासारखे येतात. ते खोडा आणि तिथे 'पण', 'म्हणून' किंवा 'कारण' बसतं का ते बघा. यांतलं काहीच बसत नसेल, तर बहुधा परिच्छेदांचा क्रम चुकला आहे.

वाक्यं तपासा

मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाक्य चार ओळींचं झालं की वाचणाऱ्याला सगळं डोक्यात धरून त्या क्रियापदाची वाट बघावी लागते. अशा वाक्याची दोन करा.

'ते' हा शब्दही जपून वापरा. पाणी 'ते', शेतकरी 'ते' आणि सरपंचही 'ते'. 'ते वाचले पाहिजेत' म्हणजे कोण? शंका असेल तिथे नाव पुन्हा लिहा. शाळेत पुनरुक्ती टाळायला शिकवतात, पण गोंधळापेक्षा पुनरुक्ती परवडते.

लांबीचा पक्का नियम नाही. पाच ते आठ वाक्यं साधारण पुरतात. दोनच वाक्यं झाली, तर बहुतेकदा पुरावा राहिलेला असतो.

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा

त्या वेळात प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य ओळीने वाचा. घरी सराव करताना मोठ्याने, परीक्षेत मनात. निबंधाचा सांगाडा त्यातून कळला पाहिजे. दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं एकच गोष्ट सांगत असतील, तर ते एकत्र करा. परीक्षेत पुन्हा लिहायला वेळ नसतो, तेव्हा दुसऱ्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य खोडून त्याच्यावरच्या जागेत नवं लिहा. एका वाक्यापुरती खाडाखोड चालते.