वाचनालयातल्या संगणकावरून उठण्याआधी

वाचनालयाच्या संगणकावर भरतीचा अर्ज भरला की लॉगआउट बहुतेक जण करतात. डाउनलोड्स फोल्डर मात्र तसाच राहतो, आणि खरा धोका तिथेच असतो. इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खासगी विंडोत, काम केले तरी उतरवून घेतलेली फाइल आपोआप पुसली जात नाही. समजा, ती फाइल ई-आधारची, म्हणजे आधार कार्डाच्या डिजिटल प्रतीची आहे. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली ४ इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. शेजारीच भरलेला अर्ज पडून असेल तर हा पासवर्ड कुणालाही कळेल! म्हणून फाइल निवडून शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबा. व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडले असेल तर मोबाइलमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून ते बंद करा. आणि आधीच्या कुणाचे खाते उघडे दिसले, तर काहीही न वाचता आधी लॉगआउट करा.