तुमच्या सेक्टरखालचं गाव कसं शोधायचं

सोसायटीच्या स्मरणिकेत परिसराचा इतिहास लिहायची वेळ आली की नवी मुंबईत एक वाक्य हमखास येतं: 'पूर्वी इथे नुसती खाडी आणि दलदल होती.' तुम्ही हे काम अंगावर घेतलं असेल तर पहिल्यांदा ते वाक्य खोडा. दलदलीचा शेतसारा कुणी भरत नाही. मी ठाणे तालुक्यात तलाठी होतो. वाशी-नेरुळकडच्या जमिनींचा सारा वर्षानुवर्षं भरल्याच्या नोंदी, भातपिकाच्या पाहण्या, भावाभावांच्या वाटण्या हे सगळं माझ्या टेबलावरून गेलेलं आहे. निवृत्तीनंतर नेरुळला राहतो, आणि कुणी ना कुणी विचारतं, 'काका, आमच्या बिल्डिंगच्या जागी काय होतं हो?' त्यांना जे सांगतो ते इथे सविस्तर लिहितो.

सुरुवात देवळापासून करू नका, इंटरनेटवरच्या माहितीपासून तर नकोच. सुरुवात मौजेपासून करायची, म्हणजे महसुली गावापासून. महसूल खात्याला तुमचा 'नोड' (नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीने आखलेला वाशी, नेरुळ असा विभाग) आणि 'सेक्टर' ठाऊक नाही. सातबारा दाखवणाऱ्या महाभूलेखच्या सरकारी संकेतस्थळावर बरेच जण 'नवी मुंबई' नावाचा तालुका शोधत बसतात आणि सापडत नाही म्हणून वैतागतात. वाशी, तुर्भे, नेरुळ, बेलापूर, ऐरोली, घणसोली ही सगळी गावं ठाणे जिल्हा, ठाणे तालुका यात बघायची. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. बेलापूरवाल्यांनी शहाबाज हे नावही बघावं.

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांचं काम सोपं आहे. घराच्या इंडेक्स टूवर, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, मौजे माजिवडे, कोळशेत, कावेसर, बाळकूम असं स्वच्छ लिहिलेलं असतं, बरोबर सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर. ठाणे महानगरपालिका 1 ऑक्टोबर 1982 ला झाली, नगरपालिकेत आजूबाजूची गावं घालून. पण जमीन खाजगी हातांतूनच बिल्डरकडे गेली, त्यामुळे कागदाची साखळी सहसा तुटत नाही. नवी मुंबईत तसं नाही. सगळी जमीन शासनाने घेतली, सिडकोने तिचे नवे प्लॉट पाडले आणि भाडेपट्ट्याने दिले. तुमच्या करारनाम्यावर प्लॉट नंबर आणि सेक्टर आहे, जुना सर्व्हे नंबर नाही. शिवाय 'गाव: नेरुळ' लिहिलं असलं तरी ते नोडचं नाव असू शकतं. नेरुळ नोडमध्ये नेरुळ गाव आहेच, पण शिरवणे, सारसोळे, कुकशेत, दारावे, करावे हीसुद्धा आहेत. तुमची बिल्डिंग यातल्या कुणाच्या शिवारात आहे ते नकाशावरूनच ठरवावं लागतं.

म्हणून भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा. अर्ज साधा असतो. 'संशोधनासाठी' असं लिहिलं की समोरचा माणूस दोनदा वर बघतो, पण नक्कल देतो. महाभूनकाशावर ऑनलाइन बघता येतं, तरी कागदी नकाशा घ्याच, कारण त्यावर पायवाटा, विहिरी, तलाव, नाले आणि गावठाणाची हद्द दिसते. मग तो आजच्या उपग्रह चित्रावर बसवायचा. त्यासाठी दोन्हीकडे असलेल्या, न हललेल्या खुणा धरा: गावचा तलाव, गावदेवीचं देऊळ, डोंगरातून उतरणारा नाला, ठाणे-बेलापूर रस्त्याचं जुनं वळण. रस्ता मात्र जपून धरा, तो रुंद झालाय आणि काही ठिकाणी सरळ केलाय. घरात कॉलेजला जाणारं कुणी असेल तर क्यूजीआयएस नावाची फुकट प्रणाली त्यांना उतरवून घ्यायला सांगा. चार खुणा जुळल्या की अख्खं शिवार तुमच्या सेक्टरवर येऊन बसतं. त्याच बैठकीत गूगल अर्थवर तारीख मागे न्या. या शतकाच्या सुरुवातीची चित्रं मिळतात, आणि पाम बीच रस्त्याच्या कडेची, सीवूड्सकडची मोकळी जमीन त्यांत चांगली दिसते.

सर्व्हे नंबर मिळाला? आता खरं काम.

आजचा सातबारा बघितलात तर त्यावर शासनाचं किंवा सिडकोचं नाव असेल. निराश होऊ नका. सातबाऱ्यावर नावांच्या आसपास वर्तुळात आकडे असतात, ते फेरफार नंबर, म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाल्याच्या नोंदींचे नंबर. सातबारा म्हणजे नुसता निकाल, फेरफार म्हणजे खटला. ते नंबर टिपून मागे मागे जायचं. ठाणे जिल्ह्याचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन झालेले आहेत, 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर गाव आणि नंबर टाकून शोधता येतात, फी भरून उतरवून घेता येतात. जे तिथे नसेल ते तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात. तिथे नकलेचा अर्ज द्यायचा, उत्तर येईना तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज. आवाज चढवून तिथे काही मिळत नाही. अकरा-साडेअकराला जा, जेवणाच्या सुट्टीच्या तोंडाशी जाऊ नका.

जुना सातबारा वाचताना काही अक्षरं अडतील. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरल्या भावाचं नाव लागलेलं, बाकीचे भाऊ त्याच्या मागे अदृश्य. या तीन अक्षरांमुळे अर्ध्या गावाची नावं कागदावरून गायब असतात, तेव्हा 'या जमिनीचा मालक अमुक होता' असं बेधडक लिहू नका. कंस केलेलं किंवा खोडलेलं नाव म्हणजे कमी झालेला हक्क. 'इतर हक्क' हा रकाना लोक वाचतच नाहीत, आणि कुळं, बोजे, विहिरीतले हिस्से तिथेच असतात. क्षेत्र एकर-गुंठ्यांत असेल तर एकराचे चाळीस गुंठे, गुंठा 1089 चौरस फूट. नंतरचे कागद हेक्टर-आरमध्ये, एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर. फार मागे गेलात तर मोडी लागेल. तिथे अंदाजाने वाचू नका, मोडी वाचणाऱ्याला पैसे द्या.

आता मी जिथे सगळ्यांना थांबायला लावतो ती जागा. 1 एप्रिल 1957 हा कूळकायद्यातला कृषक दिन. त्या तारखेला कसणारा कूळ कायद्याने जमिनीचा मालक मानला गेला. मग कलम 32-ग खाली चौकशी होऊन किंमत ठरली, ती बहुधा हप्त्यांनी भरायची होती, आणि भरून झाल्यावर 32-म चं खरेदी प्रमाणपत्र. हे सगळं फेरफारात उतरलेलं असतं. कूळ कोण, जमीनमालक कोण, तो राहायला कुठे, किंमत किती ठरली. तुमच्या सर्व्हे नंबरवर असा फेरफार सापडला तर त्याची तारीख मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. नंतर भूसंपादनाचा फेरफार शोधा. नवी मुंबईसाठीच्या अधिसूचना 1970 पासूनच्या, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली मिळून 95 गावं, 344 चौरस किलोमीटर. सिडकोची स्थापना 17 मार्च 1970 ची. दोन्ही तारखा शेजारी शेजारी ठेवा आणि मधली वर्षं मोजा. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची जमीन कसलेल्या माणसाच्या नावावर ती जेमतेम लागते आणि तिच्यावर संपादन येतं. 'वडिलोपार्जित जमिनी सिडकोला दिल्या' हे सगळे म्हणतात. कसणूक वडिलोपार्जित होती हे खरं, पण अनेक घरांत मालकी एका पिढीचीसुद्धा नव्हती. गावातल्या रागाची खोली समजून घ्यायची असेल तर हे दोन फेरफार पुरतात, माझ्या मते कुठल्याही भाषणापेक्षा जास्त.

भूसंपादनाचा निवाडा मिळाला तर सोन्याहून पिवळं. त्यात प्रत्येक खातेदाराला किती मोबदला ठरला, झाडांचे, विहिरीचे किती, जमीन भाताची की वरकस (हलकी, उताराची) की मिठागराची, हे असतं. आंब्याची झाडं मोजलेली असतात. ज्या जागी आज तुमचं पार्किंग आहे तिथली झाडं.

पुढची पायरी साडेबारा टक्क्यांची. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्तांचा लढा झाला. जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात जासईच्या परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना आली. त्यातले पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होतात, हातात पावणेनऊ पडतात. या वाटपासाठी वारस दाखवावे लागले, आणि तेव्हा एकाएकी कागदावर बहिणी दिसू लागतात. सासरी गेलेल्या, साठीच्या पुढच्या. काहींच्या नावापुढे लगेच हक्कसोड. त्या ओळी वाचताना घाई करू नका. गावठाणाच्या कडेने उभ्या असलेल्या, देवांची आणि आजोबांची नावं लावलेल्या चार-पाच मजली इमारती बहुतेक याच भूखंडांवर किंवा 'गरजेपोटी' म्हणून परवानगीविना बांधलेल्या घरांत मोडतात. कुठली कुठली ते बाहेरून बघून ठरवू नका, आणि ठरवलंत तरी लिहू नका. अनेक घरांचा निकाल अजून लागायचा आहे.

गॅझेटिअर आणि जनगणना यांवर फार वेळ घालवायची गरज नाही. ठाणे जिल्ह्याचं इंग्रजी काळातलं गॅझेटिअर 1882 चं, चौदावा खंड स्थळांचा. तुमचं छोटं गाव त्यात बहुधा नसेलच. जिल्हा जनगणना पुस्तिका जास्त कामाची: 1951, 1961, 1971 च्या पुस्तिकांत गावाची स्वतंत्र ओळ मिळते, घरं किती, माणसं किती, साक्षर किती. 1961 ची साक्षर बायकांची संख्या बघा आणि त्याच गावातल्या आजच्या मुलींशी बोला.

ग्रामपंचायतीचं दप्तर शोधणं मात्र चिकाटीचं काम. नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार 1 जानेवारी 1992 ला सुरू झाला, पहिली निवडणूक 1995 ला झाली. ग्रामपंचायती गेल्या, त्यांची दप्तरं महापालिकेकडे आली. घरपट्टीची आकारणी नोंदवही म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना 8. तलाठ्याचा 8-अ वेगळा, दोन्हींत गल्लत करू नका. नमुना 8 मध्ये घर कुडाचं की विटांचं, छप्पर कौलाचं की पत्र्याचं हे कळतं. शिळफाट्याच्या पलीकडच्या 14 गावांचं दप्तर शोधणाऱ्यांनी जास्त चपला झिजवायची तयारी ठेवावी. ती गावं महापालिकेत गेली, 2007 ला बाहेर पडली, पुन्हा आत घ्यायचा निर्णय झाला, आणि प्रत्येक वेळी कागद हलले. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेचं जनरल रजिस्टरही मोठा ठेवा आहे, पालकाचा धंदा लिहिलेला असतो. पण ते परक्याला दाखवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. गावातल्या कुणी जातीच्या दाखल्यासाठी आजोबांचा उतारा काढलेला असतोच, तो त्यांनी आपणहून दाखवला तर बघा.

कागद हातात आल्यावर गावठाणात जा, आधी नको. आणि जाताना सातबारा हातात धरून, टेप घेऊन जाऊ नका. असा माणूस एकतर एजंट असतो नाहीतर अतिक्रमणवाला, अशीच तिथली समजूत आहे आणि ती अनुभवातून आलेली आहे. ओळखीच्या घरातून आत शिरा. गावदेवीच्या जत्रेच्या आठवड्यात गेलात तर बाहेरगावी दिलेल्या लेकीही भेटतात, आणि त्यांना जुनं गाव गावातच राहिलेल्यांपेक्षा जास्त नीट आठवतं.

'पूर्वी कसं होतं?' असं विचारलंत की 'लय भारी होतं' एवढंच मिळेल. विचारायचं ते असं: भात झोडायचं खळं कुठे होतं? खारबांध (खाडीचं पाणी शेतात येऊ न देणारा बांध) फुटला की कोण जायचं, आणि रात्री फुटला तर? उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, कोण राखायचं? मिठागरावर कामाला बाहेरून कोण यायचं? खाडीवरचा पूल 1973 ला सुरू झाला, त्याआधी मुंबईला कसे जायचात, ठाण्यावरून की होडीने? आजारी माणसाला कुठे न्यायचे? नवरी कुठल्या वाटेने आली? प्रत्येक उत्तरात एक जागा असते, ती तुमच्या नकाशावर पेन्सिलीने टाका. गावात धवलारीण असेल तर तिच्याकडे नक्की बसा. लग्नात धवले म्हणताना ती ज्या देवांना बोलावते त्यांतली काही ठाणी आज रस्त्याच्या दुभाजकात किंवा सोसायटीच्या कुंपणात सापडतील.

एक पथ्य पाळा. मोबदल्याचा विषय तुम्ही काढू नका. तो आपोआप निघतो, आणि निघाला की भावाभावांचं भांडणही निघतं. तेव्हा रेकॉर्डिंग बंद करा.

सांगणाऱ्याचं आणि कागदाचं जुळलं नाही तर लगेच कागदाची बाजू घेऊ नका. फेरफाराची तारीख म्हणजे नोंद झाल्याची तारीख. जमीन प्रत्यक्ष सुटते त्याच्या आधी किंवा कितीतरी नंतर. संपादन झाल्यावरही सिडकोचं काम सुरू होईपर्यंत लोक भात लावत राहिले, असं गावातली एखादी बाई सांगत असेल तर ते खरं असण्याची शक्यता दांडगी. दोन्ही लिहा, कोणी सांगितलं आणि कुठल्या फेरफारात आहे तेही लिहा.

छापताना खातेदारांची पूर्ण नावं आणि सर्व्हे नंबर एकत्र देऊ नका. वारसांचे दावे चालू असतात आणि तुमची स्मरणिका उद्या वकिलाच्या फायलीत जाईल. घराणं, गाव आणि साल पुरे. नकाशा मात्र मोठा छापा, दोन पानांवर, जुनं शिवार खाली आणि सेक्टरचे रस्ते वर. त्याची एक प्रत गावठाणातल्या मंडळाच्या कार्यालयात नेऊन द्या आणि आठवडाभराने पुन्हा जा. तोवर त्यावर कुणीतरी तळ्याची जागा खोडून दुसरीकडे काढलेली असेल. त्यांना विचारा का, आणि दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करा.