पूर्ण कवळीतले चाव्याचे ठसे: वाचायचे कसे, ताडायचे कसे

तोंडातच आर्टिक्युलेटिंग पेपर (दात टेकतात तिथे रंग उमटवणारा कागद) चावायला लावून उमटलेल्या ठशांवर विसंबून बर (घासायचे फिरते टोक) फिरवू नका. हिरडी दबते, कवळी कलते, आणि आधी टेकलेली दाढ बाकीच्यांत लपून जाते. शिवाय लाळेने ओल्या दातावर रंग धरत नाही. म्हणून रिमाउंट करायचे, म्हणजे कवळ्या तोंडाबाहेर यंत्रावर पुन्हा चढवून तपासायच्या. मऊ मेणावर सेंट्रिकची (जबडा मागे, मध्यावर असताना मिटण्याच्या स्थितीची) नोंद घ्या. मेण आरपार जाऊन दात दाताला टेकले, तर नोंद बाद. कवळी तिथेच घसरलेली असते. मग कवळ्या आर्टिक्युलेटरवर (जबड्याच्या हालचालींची नक्कल करणाऱ्या यंत्रावर) चढवा आणि दात कोरडे करा.

२०० मायक्रॉनचा जाड पेपर न टेकणारे दातही रंगवतो. ४० मायक्रॉनचा बरा. आधी निळ्याने बाजूच्या व पुढच्या हालचाली, मग लाल पेपरवर सेंट्रिकमध्ये टकटक. मोठा डाग म्हणजे जास्त दाब, हा समज सोडा. गडद कडा आणि मधे रंग उडालेला ठिपका, तिथे खरा भार.

आता ताडणी, पण दातांची मांडणी कोणती हे ठरवल्याशिवाय नाही. कस्पचा (दाढेवरच्या उंचवट्याचा) उतार ३० किंवा ३३ अंशांचा असलेल्या दातांच्या संतुलित मांडणीत वरचे तालूकडचे आणि खालचे गालाकडचे कस्प दोन्ही टेकतात, आणि बॅलन्सिंग बाजूलाही (जबडा सरकतो तिच्या विरुद्ध बाजूला) निळा ठसा हवाच. लिंग्वलाइज्ड मांडणीत फक्त वरचा तालूकडचा कस्प खालच्या खड्ड्यात बसतो. वरच्या गालाकडच्या कस्पवर रंग दिसला की तो दोष. सपाट, कस्प नसलेल्या दातांत ठसे पसरट येतात. जबडा पुढे नेल्यावर मागे फट पडते, तिला चूक समजून घासत बसू नये.

सेंट्रिकमध्ये उंच लागले तर खड्डा खोल करा. कस्प तेव्हाच घासा, जेव्हा तो हालचालींतही अडतो. वर्किंग बाजूला (जबडा सरकतो त्या बाजूला) वरचा गालाकडचा नाहीतर खालचा जिभेकडचा कस्प, बॅलन्सिंग बाजूला खालच्या गालाकडच्या कस्पचा आतला उतार, टोक राखून. वरच्या तालूकडच्या कस्पला हात लावण्याचा मोह फार होतो. तो गेला की चाव्याची उंचीच उतरते.

शेवटी ८ मायक्रॉनची धातूची पट्टी ठेवून बंद करा. दोन्ही बाजूंना, उपदाढा आणि दाढा अशा दोन्ही ठिकाणी ती घट्ट धरली गेली पाहिजे. पुढच्या दातांतून सहज निसटली पाहिजे.