'चार्ज'च्या शेजारी कोण बसलंय ते बघा

माझा इंग्रजीचा वर्ग ठाण्यात चरईला आमच्याच हॉलमध्ये भरतो, संध्याकाळी साडेसात ते साडेआठ. येणाऱ्या बायका कामावरून थेट येतात. कुणी वागळे इस्टेटमधून, कुणी ऐरोली-घणसोलीहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने. उद्या कामावर लागणारं वाक्य त्यांना आज हवं असतं. अकरा वर्षांत ज्या एका शब्दावर मी सगळ्यात जास्त वेळ दिला, तो म्हणजे 'चार्ज'.

त्याला कारण झाली एक सिस्टर. सोळा वर्षांची नोकरी, रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळलेला. नव्या नोकरीच्या मुलाखतीसाठी तिने वहीत लिहून आणलं होतं, 'आय वॉज इन द चार्ज ऑफ थर्टी पेशंट्स.' तिला म्हणायचं होतं, तीस पेशंटची जबाबदारी माझ्यावर होती. वाक्य सांगत होतं, तीस पेशंट मला सांभाळत होते. एवढ्याशा 'द'मुळे तिची सोळा वर्षं उलटी लिहिली गेली. मी पेनाने तो 'द' खोडला आणि तिला वाक्य पुन्हा मोठ्याने वाचायला लावलं. 'आय वॉज इन चार्ज ऑफ थर्टी पेशंट्स.' तिसऱ्या वेळी वाचताना तिचा आवाज ताठ झाला, तो मला अजून ऐकू येतो.

तेव्हा हे आधी पक्कं करा. 'इन चार्ज ऑफ' म्हटलं की वाक्याच्या सुरुवातीला सांभाळणारा माणूस: 'शी इज इन चार्ज ऑफ द वॉर्ड.' मधे 'द' आला की सुरुवातीला सोपवलेली गोष्ट: 'द वॉर्ड इज इन द चार्ज ऑफ अ सीनियर नर्स.'

त्या दिवशी वर्गात कुणीतरी विचारलंच, "बाई, मग याचे सगळे अर्थ पाठ करायचे का?" अजिबात नाही. घरी जाऊन महावितरणचं बिल काढा. त्यावर 'स्थिर आकार' लिहिलेलं असतं, 'वहन आकार' लिहिलेलं असतं. ते वाचताना चौकोन-त्रिकोण कुणाच्या मनात येत नाही. 'मूर्तीचा आकार' म्हटलं तर पैसे मनात येत नाहीत. 'आकार'चे दोन अर्थ आपण कधी पाठ केले नाहीत. शेजारचा शब्द बघून आपलं आपल्याला कळतं. इंग्रजीतही तेच करायचं, फक्त तिथले शेजारी फार लहान असतात: 'फॉर', 'विथ', 'ऑफ', 'टू'. लहान म्हणून आपण त्यांच्याकडे बघत नाही आणि चूक तिथेच होते.

अर्थांचं मूळही एकच आहे, ते कळलं की भीती जाते. लॅटिनमध्ये 'कार्रुस' म्हणजे गाडी, त्यावरून गाडीत माल भरणं, आणि तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला 'चार्ज'. 'कार' आणि 'कार्गो' याच घरातले. म्हणजे मूळ अर्थ भार टाकणं. गिऱ्हाइकावर पैशाचा भार, बॅटरीत विजेचा, माणसावर कामाचा, आरोपीवर गुन्ह्याचा. आणि गंमत बघा, मराठीनेही हेच केलंय. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'विद्युत प्रभार' असतो आणि शाळेच्या ऑफिसात 'प्रभारी मुख्याध्यापक' बसतात. दोन्हीकडे प्रभारच! हे फळ्यावर लिहिलं की वर्गात एक क्षण शांतता पसरते. मला तो क्षण फार आवडतो.

आता पैशाचं वाक्य, कारण ते रोज लागतं. आपण 'मला पन्नास रुपये लावले' म्हणतो, म्हणून 'मला'चं 'टू मी' करतो: 'ही चार्ज्ड टू मी फिफ्टी रुपीज.' चूक. क्रम असा ठेवा: कुणाला, किती, मग 'फॉर', मग कशाचे. १ फेब्रुवारी २०२५ पासून आपल्याकडे मुंबई-ठाण्यात रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालं, त्यावर वाक्य करू: 'ही चार्ज्ड मी ट्वेंटी-सिक्स रुपीज फॉर द राइड.' 'टू' येतो तो ज्या खात्यावर रक्कम टाकायची त्याच्या आधी: 'चार्ज इट टू माय कार्ड.' भाव विचारताना 'व्हॉट चार्जेस यू आर टेकिंग?' नको. 'हाऊ मच डू यू चार्ज फॉर अ ब्लाऊज?' असं सरळ विचारा. नाम हवं असेल तर मात्र रिक्षाचं भाडं 'फेअर' आणि डॉक्टरांची 'फी'.

सगळ्यात जपायचं ते 'विथ'ला. बिलिंग काउंटरवर बसणाऱ्या एका मुलीने विमा कंपनीला मेल लिहिला: 'द पेशंट वॉज चार्ज्ड विथ रूम रेंट.' 'चार्ज्ड विथ'च्या पुढे इंग्रजी वाचणारा गुन्ह्याचं नाव शोधतो, चोरी, फसवणूक असं काहीतरी. बिचाऱ्या पेशंटवर खोलीच्या भाड्याचा आरोप झाला! तिथे 'फॉर' हवा. उलट 'ही वॉज चार्ज्ड फॉर थेफ्ट' ऐकलं तर चोरीचे पैसे लावले की काय असं वाटतं. तिथे 'विथ थेफ्ट'. आणि 'अक्यूज' वापरलात तर त्याच्यासोबत 'ऑफ' येतो, 'अक्यूज्ड ऑफ थेफ्ट'. अजून एक: पोलिसांनी पकडलं, गुन्हा दाखल केला, एवढ्यावर 'चार्ज्ड' लिहू नका. आपल्याकडे पोलीस आरोपपत्र देतात आणि आरोपनिश्चिती न्यायालय करतं. तोवर 'अरेस्टेड' लिहा. कुणाच्या तरी नावापुढे हा शब्द लागणार असतो, म्हणून इथे मी कडक आहे.

मोबाइलचं सोपं आहे. 'माय चार्जिंग इज ओव्हर' सोडा. 'चार्जिंग' म्हणजे भरण्याची क्रिया, म्हणून 'द फोन इज चार्जिंग' बरोबर. संपली ती बॅटरी: 'माय बॅटरी इज डेड.'

सरावाला तुमच्याच दिवसातली चार वाक्यं लिहा: एक रिक्षाचं, एक फोनचं, एक कामावरच्या जबाबदारीचं, एक पेपरातल्या बातमीचं. 'चार्ज'च्या आजूबाजूला लहान शब्द असेल तिथे त्याच्याखाली रेघ मारा. मग कोरडं वाचू नका, मोठ्याने म्हणा.

आणि एक वाक्य वेगळं ठेवा: 'देअर इज नो चार्ज.' इथे शेजारी कुणीच नाही. पार्किंगवाला म्हणाला तर पैसे द्यायचे नाहीत. मोबाइल दुरुस्तीवाला तुमचा बंद फोन हातात घेऊन म्हणाला तर बॅटरी रिकामी आहे, किंवा त्याने तपासायचे पैसे घेतले नाहीत. अशा वेळी त्याच्या हाताकडे बघा. तो फोन केबलला लावतोय की तुम्हाला परत देतोय?