सराट्याची ओळख, तोडणी आणि घरगुती काढा

पावसाच्या पहिल्या काही सरी पडून गेल्या की सोलापूर जिल्ह्यातील पडीक रानांत, ज्वारीच्या बांधांवर आणि मुरमाड पाऊलवाटांच्या कडेने सराटा जमिनीलगत पसरू लागतो. चपलेत आणि सायकलच्या टायरमध्ये घुसणाऱ्या काट्यांमुळे तो सर्वांना माहीत असतो. परंतु आयुर्वेदातील गोक्षुर, म्हणजेच लहान गोखरू, तो हाच. लघुपंचमुळांत (पाच लहान औषधी वनस्पतींच्या मुळांच्या गटात) आणि म्हणून दशमुळांतही (दहा मुळांच्या गटात) त्याची गणना होते, आणि चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मूत्रकृच्छ्र (लघवी त्रासाने होणे) व वात यांवरील द्रव्यांमध्ये त्याला श्रेष्ठ म्हटले आहे. इतकी मोलाची वनस्पती दारात उगवत असताना तिचा उपयोग अवश्य करावा, मात्र ती निश्चित ओळखता आल्यानंतरच करावा. गोखरू या एकाच नावाने आपल्याकडे तीन निरनिराळ्या वनस्पती ओळखल्या जातात आणि त्यांतील एक विषारी आहे.

सराट्याचे शास्त्रीय नाव ट्रायब्युलस टेरेस्ट्रिस असून लिनियसने ते १७५३ साली नोंदवले. झायगोफिलेसी या कुळातील ही वर्षायू वनस्पती आहे. मुळापासून चारही दिशांना निघालेल्या तिच्या फांद्या जमिनीला चिकटून वाढतात आणि त्यांवर बारीक लव असते. पाने समोरासमोर येतात, प्रत्येक पान चिंचेच्या पानासारखे लहान पर्णिकांच्या जोड्यांचे असते, आणि समोरासमोरच्या दोन पानांपैकी एक स्पष्टपणे मोठे तर दुसरे लहान असते. ही खूण फार उपयोगाची आहे, कारण फळ धरण्याआधीही ती दिसते. फूल पिवळे, पाच पाकळ्यांचे आणि एकेकटे असते. ते सकाळी उमललेले पाहावे, कारण दुपारच्या उन्हात ते मिटते किंवा गळते. फळ पाच खंडांचे बनलेले असते आणि पिकल्यावर हे खंड सुटे होतात. प्रत्येक खंडावर दोन लांब, ताठ काटे आणि त्यांखाली दोन आखूड काटे असतात. औषधात मुख्यतः हे फळ वापरतात. दशमुळांसाठी मूळ घेण्याचीही परंपरा आहे.

दुसरी वनस्पती मोठे गोखरू, म्हणजे पेडॅलियम म्युरेक्स, ही तिळाच्याच कुळातील आहे. तिची पाने साधी, मांसल आणि दंतुर कडांची असतात, फळ चौकोनी असून त्याच्या तळाशी चार कोपऱ्यांवर काटे असतात, आणि ओली फांदी पाण्यात ढवळली की पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे बुळबुळीत होते. तीही औषधी आहे, बाजारात लहान गोखरूच्या जागी विकलीही जाते, पण तिची मात्रा आणि गुण वेगळे असल्याने दोहोंची सरमिसळ करू नये.

खरी सावधगिरी तिसऱ्या वनस्पतीबाबत बाळगावी लागते. तिला कुठे लांडगा, कुठे शंकेश्वर म्हणतात, आणि अनेक गावांत सरळ गोखरू म्हणतात. झँथियम स्ट्रुमॅरियम ही सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पती ओढ्याकाठी आणि उकिरड्याजवळ कमरेइतकी उभी वाढते, तिची पाने रुंद व खरखरीत असतात आणि तिच्या लांबट फळांवरील आकडेवजा काटे कपड्यांना व जनावरांच्या केसांना चिकटतात. तिच्या बियांत व कोवळ्या रोपांत यकृताला घातक असे विष असते. २००७ साली बांगलादेशातील सिल्हेट भागात या रोपांची भाजी खाल्ल्याने अनेक माणसे आजारी पडली आणि त्यांतील काही दगावली. म्हणून एक नियम कायमचा पाळावा: जी वनस्पती उभी वाढते आणि जिचे काटे आकड्यासारखे वळलेले आहेत, ती घरात आणू नये.

तोडणीसाठी सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ योग्य आहे. फळे पूर्ण भरून हिरवट-पिवळी झाली पण अजून फुटून विखुरली नाहीत, अशा वेळी वेल उपटावा. जागेची निवड मात्र काळजीपूर्वक करावी. सांगोला भागातील डाळिंबाच्या आणि इतरत्र द्राक्षांच्या बागांत वारंवार फवारणी होते, त्यामुळे त्यांच्या कडेचा सराटा घेऊ नये. महामार्गालगतचा, गटारालगतचा आणि तणनाशक मारलेल्या रानातलाही टाळावा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात शाळूच्या पेरणीपूर्वी जे बांध स्वच्छ असतात तेथे, मालकाची परवानगी घेऊन, चांगला माल मिळतो. नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्रातून काहीही तोडू नये.

हातात जाड मोजे घालून वेल मुळासह उपटावेत, माती झटकावी आणि गोणपाटावर सावलीत दोन दिवस पसरावेत. मग काठीने झोडपून फळे सुटी करावीत, सुपाने पाखडून पाला वेगळा काढावा, फळे पाण्यातून झपाट्याने काढून काळी माती घालवावी आणि कडक उन्हात पुन्हा पूर्ण वाळवावीत. ओल राहिली तर बुरशी धरते आणि सर्व श्रम वाया जातात. वाळलेली फळे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून डब्यावर गाव व महिना लिहावा. वर्षभराने नवा माल आल्यावर जुना काढून टाकावा.

काढ्यासाठी फळे खलबत्त्यात कुटून भरड करावी. कुटताना तोंडावर कापड धरावे, कारण काट्यांचे बारीक तुकडे उडतात. शार्ङ्गधरसंहितेत एक भाग द्रव्य, सोळा भाग पाणी आणि एक अष्टमांश उरेपर्यंत आटवणे असे प्रमाण दिले आहे. घरी सौम्य काढा हवा असेल तर २० ग्रॅम भरड ३२० मिलिलिटर पाण्यात मंद आचेवर उकळावी, ८० मिलिलिटर उरल्यावर उतरवावी, दुहेरी सुती कापडातून गाळावी आणि हा काढा दिवसातून दोन वेळा विभागून घ्यावा. भांडे स्टीलचे किंवा मातीचे असावे. काढा रोज ताजा करावा. चूर्ण घ्यायचे झाल्यास दिवसाला ३ ते ६ ग्रॅम एवढेच प्रमाण सांगितलेले आहे. कोणत्या प्रकृतीला किती आणि किती दिवस, हे मात्र वैद्याने ठरवावे.

लघवीची जळजळ, थेंब थेंब होणे आणि बारीक मूतखडे यांसाठी सराटा पूर्वापार वापरला जातो, आणि त्यातील मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारा, गुण प्रयोगशाळेतील अभ्यासांतही दिसून आला आहे. माणसांवरील मोठ्या चाचण्या मात्र थोड्याच आहेत. पुरुषशक्ती वाढवण्याच्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये, कारण निरोगी पुरुषांवर झालेल्या चाचण्यांत पुरुष संप्रेरकात लक्षणीय वाढ आढळलेली नाही. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि यंत्रमागावर काम करणाऱ्यांचा घाम दिवसभर निथळतो. घामाने लघवी कमी व दाट होते आणि खडे धरण्यास तेच पुरेसे असते. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिणे हा पहिला उपचार आहे, आणि तो टाळून काढा घेण्यात अर्थ नाही.

अलीकडे मूतखड्यासाठी परदेशी वाइल्ड हायड्रेंजियाचे मूळ ऑनलाइन मागवण्याकडे काहींचा कल दिसतो. ते पूर्व अमेरिकेतील ओलसर, सावलीच्या उतारांवर वाढणारे झुडूप आहे. चेरोकी लोक ते औषधात वापरत असत आणि पुढे तेथील वैद्यांनी त्याचे मूळ खड्यांसाठी वापरले. त्याची पाने व कळ्या मात्र विषारी समजल्या जातात. पाकिटातील तुकड्यांवरून वनस्पतीची खातरी करता येत नाही, म्हणून स्वतः ओळखून तोडलेला सराटा मला अधिक भरवशाचा वाटतो.

पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुधा आपोआप पडतात. त्याहून मोठ्यांसाठी सोनोग्राफी करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. थंडी वाजून ताप, कुशीत असह्य कळ, उलट्या, लघवीतून रक्त किंवा लघवी बंद होणे यांपैकी काहीही झाले तर काढ्यात वेळ घालवू नये. गर्भवतींनी, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असणाऱ्यांनी, एकच मूत्रपिंड असणाऱ्यांनी आणि मधुमेहाची, रक्तदाबाची, लघवी वाढवणारी किंवा लिथियमची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सराटा घेऊ नये.

मेंढपाळांनीही एक लक्षात ठेवावे. दक्षिण आफ्रिकेत कोमेजलेला सराटा भरपूर खाल्लेल्या मेंढ्यांना उन्हाने तोंड सुजण्याचा आणि कावीळ होण्याचा रोग होतो, म्हणून कळप केवळ त्यावर चरू देऊ नये. पाखडून उरलेला पाला व सुटे काटे खतखड्यात न टाकता जाळावेत, कारण त्यातील बी मातीत अनेक वर्षे जिवंत राहते आणि पुढच्या पावसात अंगणभर उगवते.